गाठीच्या आत दुसरी गाठ

मेनिंजिओमा हा पॅथॉलॉजिस्टला फारसा छळणारा ट्यूमर नाही. मेंदूवरच्या आवरणातून तो उगवतो, बहुतेक वेळा साधा असतो, सावकाश वाढतो. मायक्रोस्कोपखाली त्याच्या पेशी एकमेकींभोवती गुंडाळून असे भोवरे करतात की पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरलाही ओळखू यावा. मध्येमध्ये चुन्याचे, थरावर थर चढलेले गोल खडे असतात. त्यांना आम्ही सॅमोमा बॉडी म्हणतो. पुरुषांपेक्षा बायकांत हा ट्यूमर साधारण दुपटीने आढळतो, आणि कित्येकींना तो आपल्या डोक्यात आहे हे आयुष्यभर कळतही नाही. कशासाठी तरी एमआरआय काढला की सापडतो. नागपुरात धंतोलीतल्या माझ्या लॅबमध्ये असा नमुना आला की स्लाइड हाती पडल्यापासून दुपारच्या चहापर्यंत रिपोर्ट तयार असतो. ही केस मात्र महिनाभर माझ्या टेबलावर राहिली.

पेशंट उमरेडकडच्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, साठी ओलांडलेल्या बाई. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदललेत; वैद्यकीय भाग जसाच्या तसा आहे. मी त्यांना काकू म्हणते, कारण पुढे त्यांची गाठ पडली तेव्हा तसंच म्हणत होते. एरवी आमच्या कामात पेशंटचा चेहरा दिसत नाही. नाव, वय आणि फॉर्मालिनची बाटली, एवढीच ओळख.

काकूंच्या डोक्यात उजव्या बाजूला एक मेनिंजिओमा असल्याचं काही वर्षांपूर्वीच कळलं होतं. डोकं दुखतं म्हणून काढलेल्या एमआरआयमध्ये तो दिसला होता. दोन सेंटिमीटरच्याही आत, मेंदूवर दाब नाही, त्रास नाही. न्यूरोसर्जननी योग्य तेच केलं: दरवर्षी स्कॅन, बाकी काही नाही. वर्षांमागून वर्षं तो तेवढाच राहिला. दोन्ही गोलार्धांच्या मधे जो पडदा असतो, फॉल्क्स, त्याला लागून आणखी एक छोटा होता, जेमतेम सहा मिलिमीटरचा. रिपोर्टात त्याची एका ओळीत नोंद व्हायची, बस.

मग या उन्हाळ्याच्या तोंडाला काकूंचा डावा हात जड वाटू लागला. चहाचा कप सुटला, पदराची पिन लावता येईना. नवा स्कॅन काढला तर उजवीकडची गाठ चार सेंटिमीटरला टेकलेली आणि भोवती मेंदूला भरपूर सूज. वर्षानुवर्षं जागेवर बसलेली गाठ काही महिन्यांत दुप्पट होते तेव्हा पहिला संशय येतो तो ग्रेड वाढल्याचा. मेनिंजिओमाचे तीन ग्रेड असतात, जितका वरचा तितका आक्रमक. पहिल्याचा दुसरा झाला असेल, असं सगळ्यांनी धरलं. मीही तेच धरलं असतं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. ऑपरेशन चालू असतानाच काचेवर चिरडून केलेल्या स्मिअरमध्ये मला भोवरे स्पष्ट दिसले आणि मी थिएटरमध्ये फोनवर ‘मेनिंजिओमा’ असं सांगून टाकलं. ते बरोबरच होतं.

मे महिन्यात नागपुरात पॅराफिनचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, स्लाइडसाठी पातळ कापणं हा वेगळाच छळ आहे. बाहेर पंचेचाळीस, एसी थकलेला. मेण मऊ पडलं की मायक्रोटोमवर सेक्शनची पट्टी सरळ येत नाही, चुरगळते. आमचा टेक्निशियन बर्फाच्या ट्रेवर ब्लॉक उलटे ठेवून एकेक उचलतो आणि मधून मधून उन्हाळ्याला शिव्या घालतो. त्यानेच मला सांगितलं, “मॅडम, पाच नंबरचा ब्लॉक वेगळा कापून राहिला. बाकीचे कडक आहेत, हा भुसभुशीत.” ग्रॉसिंग करताना, म्हणजे आलेली गाठ नुसत्या डोळ्यांनी पाहून तुकडे निवडताना, मलाही तो भाग जरा वेगळा दिसला होता. बाकी सगळे तुकडे पांढरट, घट्ट, चाकूखाली किंचित करकरणारे, आणि एका तुकड्याच्या मध्यात पिवळसर करडा मऊ भाग. रक्तपुरवठा कमी पडून मेनिंजिओमाचा एखादा भाग मरतो, तेव्हाही असंच दिसतं. म्हणून मी तो तुकडा वेगळ्या कॅसेटमध्ये घातला होता, एवढंच.

इतर स्लाइड पुस्तकातल्या चित्रासारख्या होत्या: भोवरे, सॅमोमा बॉडी, फिकट गोल केंद्रकं, पेशीविभाजन जवळपास नाही. निव्वळ ग्रेड १. मग एवढी झपाट्याने का वाढली? त्याचं उत्तर पाचव्या स्लाइडवर होतं. कडेने तेच शांत भोवरे, आणि त्यांच्या मधोमध वेगळ्याच पेशींचे पुंजके. मोठी, गडद, वेडीवाकडी केंद्रकं. काही पुंजक्यांत मधे पोकळी, म्हणजे ग्रंथी करायचा प्रयत्न. आणि विभाजन तर जिथे नजर टाकावी तिथे.

इथे एक सापळा आहे, तो सांगायलाच हवा. मेनिंजिओमाचा ग्रेड ठरवताना आम्ही मोठ्या भिंगाच्या दहा क्षेत्रांत विभाजनं मोजतो. चार किंवा जास्त निघाली की ग्रेड २, वीस किंवा जास्त निघाली की ग्रेड ३. पाचव्या स्लाइडवर त्या पुंजक्यांत मोजायला बसले असते तर आकडा सरळ वरच्या ग्रेडला गेला असता. गाठ वेगाने वाढली होती, सूज होती, म्हणजे आकडा गोष्टीशी जुळलाही असता. कुणालाच शंका आली नसती. पेशंटला डोक्याचं रेडिएशन मिळालं असतं आणि बाकीच्या शरीराकडे कुणी बघितलंच नसतं. पण हे पुंजके मेनिंजिओमाची बिघडलेली आवृत्ती वाटत नव्हते. ट्यूमर बिघडतो तेव्हा मधल्या पायऱ्या दिसतात: थोड्या बिघडलेल्या, अजून थोड्या, मग फार. इथे पायऱ्याच नव्हत्या. या पेशी संपल्या की त्या सुरू.

मी नमुन्यासोबत आलेला रिक्विझिशन फॉर्म पुन्हा काढला. ‘पूर्वीचा आजार’ या रकान्यात डायबेटिस आणि ब्लड प्रेशर. बाकी कोरं.

हे फॉर्म कसे भरले जातात ते मला चांगलं ठाऊक आहे. थिएटरमधून बाटली निघते तेव्हा तो भरायचं काम सगळ्यात लहान, सगळ्यात कमी झोपलेल्या डॉक्टरकडे असतं. न्यूरोसर्जनना फोन लावला. विचारलं, यांना आधी कुठे कॅन्सर झाला होता का? ते म्हणाले, “तसं काही सांगितलं नाही त्यांनी. थांबा, ओपीडीच्या कागदावर आहे काहीतरी... छातीच्या गाठीचं ऑपरेशन, जुनं. साधी गाठ होती म्हणाले.” साधी होती हे कुणी सांगितलं? नातेवाइकांनी.

दुसऱ्या दिवशी मुलाला लॅबमध्ये बोलावून घेतलं. तिशी-पस्तिशीचा, आयटीतला, सुट्टी काढून पुण्याहून आलेला. त्याला खरंच काही माहीत नव्हतं. आईचं ते ऑपरेशन झालं तेव्हा तो इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पुण्यात होता, आणि घरातून ‘लहानशी गाठ होती, काढली’ एवढंच कळवलं होतं. मग त्याने फोन काढून वडलांना लावला आणि स्पीकरवर टाकला. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “हौ मॅडम. होता. तवा पोरीचं लगन जुळून राहिलं होतं ना. सोयऱ्यांले कायले सांगाचं म्हणून नाही सांगितलं. पाच वर्षं गोळी घेतली तिनं रोज, एक दिवस नाही चुकवली. आता दहा वर्षं होत आली, आता कुठं राहते तो?”

मुलगा माझ्या खुर्चीसमोर बसून हे ऐकत होता. त्याच्यासमोर हे उघड होणं बरोबर की चूक, हा विचार माझ्या मनात नंतर आला. त्या क्षणी मला फाइल हवी होती.

संध्याकाळी काका स्वतःच बसने आले. गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली ठेवलेली फाइल, साडीच्या दुकानाच्या पिशवीत. डाव्या स्तनाचा कॅन्सर, २.४ सेंटिमीटरचा, काखेतल्या एका लिम्फ नोडमध्ये पोचलेला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनना धरणारे दोन्ही रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू हे प्रथिन निगेटिव्ह. केमो, रेडिएशन, पाच वर्षं लेट्रोझोल ही इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी. कागद एकही हरवलेला नव्हता, तारखेप्रमाणे लावलेले. ज्यांनी हा आजार सोयऱ्यांपासून, पोटच्या मुलापासून लपवला त्यांनीच त्याची फाइल इतकी नीट जपली होती.

काकांची समजूत पुष्कळांची असते: पाच वर्षं गेली की सुटलो. रिसेप्टर पॉझिटिव्ह स्तनाच्या कॅन्सरचा स्वभाव तसा नाही. तो दहा, पंधरा, कधी वीस वर्षांनीही डोकं वर काढतो. पाच वर्षांचा हिशोब त्याला लागू पडत नाही.

आता माझ्यासमोर तीन शक्यता होत्या. एक, हा सगळा एकच मेनिंजिओमा, काही भाग वरच्या ग्रेडचा. दोन, मेनिंजिओमा आणि शेजारी उगवलेलं मेटास्टॅसिस, म्हणजे दुसरीकडून पसरून आलेला कॅन्सर, वाढता वाढता एकमेकांना भिडलेले. याला कोलिजन ट्यूमर, म्हणजे टकरीचा ट्यूमर, म्हणतात. तीन, कॅन्सरच्या पेशी रक्तातून येऊन थेट मेनिंजिओमाच्या आतच रुजलेल्या. तिसरं खरं असेल तर ते दुर्मीळ, पण नवं नाही. जबड्याचा कॅन्सर मूत्रपिंडाच्या कॅन्सरमध्ये जाऊन वाढल्याची केस बेरेंट यांनी १९०२ मध्ये लिहिली होती. मेनिंजिओमात फुफ्फुसाच्या कॅन्सरचं मेटास्टॅसिस फ्रीड यांनी १९३० मध्ये दाखवलं. एकूण पाहिलं तर पाहुण्याला जागा देणाऱ्या कॅन्सरांत मूत्रपिंडाचा पुढे आहे. डोक्याच्या आत मात्र यजमान बहुधा मेनिंजिओमाच असतो, आणि पाहुणा बहुधा स्तनाचा किंवा फुफ्फुसाचा.

ब्लॉक आणि स्लाइड घेऊन मी सरांकडे गेले. सर म्हणजे मेडिकलमधले माझे शिक्षक, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. घरी बैठकीत दोन डोक्यांचा मायक्रोस्कोप ठेवतात, शेजारी पाण्याचा तांब्या आणि कूलर. स्लाइड लावून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सिक्रेटरी मेनिंजिओमा नाही कशावरून?”

प्रश्न रास्त होता. मेनिंजिओमाचा हा एक प्रकार मुद्दाम फसवायलाच निघाल्यासारखा आहे. त्याच्या पेशींत गुलाबी गोळे साठतात, पोकळ्यांचा आभास होतो, भोवती मेंदूला आकारमानाच्या मानाने फार सूज येते, आणि कॅन्सर ओळखायला आम्ही जे केराटिन आणि सीईए हे मार्कर वापरतो ते त्यातही रंगतात. म्हणजे नुसतं ‘केराटिन पॉझिटिव्ह’ एवढ्यावर मेटास्टॅसिस म्हणून मोकळं होता येत नाही. सरांनी पीएएस हा रंग लावून बघायला सांगितलं. ते गुलाबी गोळे पीएएसमध्ये ठसठशीत रंगतात. घरून निघताना म्हणाले, “आणि बाकीचं टिश्यू बाटलीत ठेवून काय करशील? सगळं टाक प्रोसेसिंगला.” मी ते आदल्या रात्रीच टाकलं होतं, पण सरांसमोर ते सांगून उपयोग नसतो.

पीएएसमध्ये गोळे निघाले नाहीत. उरलेल्या सगळ्या तुकड्यांतून आणखी दोन ठिकाणी तेच पुंजके सापडले, दोन्हीकडे चारी बाजूंनी मेनिंजिओमाने वेढलेले. ही गोष्ट महत्त्वाची होती. भिडलेले शेजारी असते तर कुठेतरी एक सीमारेषा दिसली असती, इकडे हा आणि तिकडे तो. इथे पाहुणा पूर्ण आत होता.

मग आयएचसी, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. म्हणजे पेशींवरच्या किंवा केंद्रकातल्या ठरावीक प्रथिनाला चिकटणारं अँटिबॉडी टाकायचं. जिथे ते प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग येतो. प्रत्येक मार्करचे वेगळे पैसे लागतात, आणि आमच्यासारख्या लॅबमध्ये सगळे मार्कर ठेवणं परवडत नाही. काही इथे केले, काहींसाठी ब्लॉक बाहेर पाठवला. कुठला मार्कर घ्यायचा हे इथे नेहमीपेक्षा जास्त विचार करून ठरवावं लागतं. मेनिंजिओमासाठी आम्ही सवयीने ईएमए घेतो. पण स्तनाचा कॅन्सरही ईएमएत रंगतो. दोघंही तपकिरी, निष्कर्ष शून्य. दुसरा सवयीचा मार्कर प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. बहुतेक मेनिंजिओमांत तो पॉझिटिव्ह असतो, आणि काकूंचा जुना कॅन्सरही पॉझिटिव्ह होता. हाही वाया जाणार, असं वाटलं होतं. तरी लावला. सोबत मेनिंजिओमासाठी एसएसटीआर-२ए, कॅन्सरसाठी केराटिन, गाटा-३ आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर. गाटा-३ स्तनाच्या पेशींच्या केंद्रकात रंगतो, मेनिंजिओमात रंगत नाही.

स्लाइड आल्या त्या दिवशी लाइट गेली होती आणि इन्व्हर्टरवर मायक्रोस्कोप आणि एक पंखा एवढंच चालत होतं. आधी प्रोजेस्टेरॉनची स्लाइड लावली. सगळीकडे तपकिरी केंद्रकं, आणि मधे मधे कोरी, निळी बेटं. जुना कॅन्सर पॉझिटिव्ह होता, पण इतक्या वर्षांत त्याने हा रिसेप्टर टाकून दिला होता. दुसऱ्या ठिकाणी वाढताना कॅन्सर असं करतो, नवीन नाही. मग गाटा-३. बाहेर सगळं निळं, आणि नेमकी तीच बेटं गडद तपकिरी. दोन स्लाइड शेजारी ठेवल्या तर एक फोटो आणि त्याची निगेटिव्ह. इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि केराटिन गाटा-३ सारखेच निघाले, एसएसटीआर-२ए उलट. ज्या मार्करचा उपयोग होणार नाही असं वाटलं होतं त्यानेच सर्वात स्वच्छ रेघ ओढली होती.

टेक्निशियनला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “बापा! हे तर घर भाड्यानं घेऊन राहिलेत.” मी म्हटलं, भाडं देत असते तर बरं झालं असतं.

जुन्या ऑपरेशनचे ब्लॉक मिळवून ताडून पाहणं बाकी होतं. ते ज्या रुग्णालयात होते तिथे पहिल्यांदा ‘एवढं जुनं सापडणार नाही’ असं ऐकवण्यात आलं. मुलगा तिथल्या बाकावर बसून राहिला. शेवटी जेवणाच्या सुट्टीनंतर कुणीतरी तळघरातल्या रॅकमधून डबा काढून दिला. आपल्याकडे ही पद्धतच आहे, पेशंटचे नातेवाईक ब्लॉक खिशातून, पर्समधून, डब्यातून इकडून तिकडे नेतात. म्हणून त्याला मी आधीच फोनवर बजावलं होतं: गाडीत ठेवून कुठे जेवायला थांबू नकोस. हे मेण साधारण छप्पन ते साठ अंशांना वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या बंद कारचं, स्कूटरच्या डिकीचं तापमान तिथवर सहज जातं. वितळलेले, कॅसेटला चिकटून सपाट झालेले ब्लॉक मी पाहिलेत. त्याने ते बर्फाच्या पाण्याच्या बाटलीशेजारी थर्मासच्या पिशवीत आणले. जुनी आणि नवी स्लाइड जोडीने लावली. त्याच पेशी, त्याच वेड्यावाकड्या ग्रंथी.

अशा केसला ट्यूमरमधलं मेटास्टॅसिस म्हणायला काही निकष आहेत. १९६८ मध्ये कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी मांडले, अजूनही तेच वापरतात. एकापेक्षा जास्त मूळ ट्यूमर असले पाहिजेत. यजमान हा खरा ट्यूमर असला पाहिजे. पाहुणा तिथे खऱ्या अर्थाने रुजून वाढलेला असला पाहिजे. नुसता शेजारून घुसलेला किंवा रक्तवाहिनीत अडकलेला पेशींचा गठ्ठा चालत नाही. आणि लिम्फ नोडमध्ये आधीच लिम्फोमासारखा आजार असताना तिथे आलेलं मेटास्टॅसिस यात धरत नाहीत, कारण लिम्फ नोड ही कॅन्सरची नेहमीचीच वाट. काकूंच्या स्लाइडवर हे सगळे निकष बसत होते. मी रिपोर्ट लिहिला: मेनिंजिओमा, ग्रेड १, त्याच्या आत स्तनाच्या कॅन्सरचं मेटास्टॅसिस. आमच्या लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये निदानाच्या जागी एकच पर्याय निवडता येतो. दोन निवडले की लाल चौकट येते. शेवटी ‘इतर’ निवडून खाली हाताने टाइप केलं.

ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळे डॉक्टर मिळून केस पाहतात त्या बैठकीत, हे मांडलं तेव्हा रेडिओलॉजिस्टने जुने-नवे एमआरआय पडद्यावर लावले. गाठीच्या आत एक भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा उजळत होता. ‘आता माहीत आहे म्हणून दिसतंय,’ असं ते स्वतःच म्हणाले, आणि मला ते आवडलं. हा भाग निव्वळ स्कॅनवरून सांगणं अवघडच आहे. मेनिंजिओमाच्या आत रक्तस्राव, मृत भाग, चुना, काहीही असलं तरी तो असाच ठिगळाठिगळांचा दिसू शकतो. निदान शेवटी टिश्यूवरच होतं.

मेनिंजिओमाच का, हा प्रश्न ऑन्कोलॉजिस्टच्या विद्यार्थिनीने विचारला. खात्रीचं एकच कारण नाही, पण काही गोष्टी जुळतात. मेनिंजिओमाला रक्तपुरवठा दांडगा असतो, तो बराचसा बाहेरच्या कॅरोटिड धमनीच्या शाखांतून येतो, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांभोवती जो अडसर असतो तो मेनिंजिओमाच्या रक्तवाहिन्यांना नसतो. म्हणजे फिरत्या पेशींना आत शिरणं सोपं. तो सावकाश वाढतो, वर्षानुवर्षं तिथेच असतो, म्हणजे संधीही भरपूर मिळते. आणि त्यातले हार्मोन रिसेप्टर, ज्यांचा स्तनाच्या कॅन्सरशीही संबंध आहे.

सगळ्या शरीरात कॅन्सर शोधणाऱ्या पेट-सीटी स्कॅनमध्ये एका मणक्यात आणि एका बरगडीत ठिपके निघाले. दुखत नव्हते, म्हणून कुणी पाहिले नव्हते. म्हणजे आजार चौथ्या स्टेजचा. ग्रेड २ मेनिंजिओमा म्हणून रिपोर्ट गेला असता तर हे ठिपके कधी दिसले असते, याचा हिशोब मी करत नाही.

मुलगा रिपोर्ट घ्यायला आला तेव्हा त्याने विचारलं, “म्हणजे मॅडम, गाठीलेच गाठ झाली?” पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्याचं ‘ले’ गेलं नव्हतं. मी कागदावर एक मोठा गोल काढला, आत छोटे. मोठा निरुपद्रवी होता, छोटे नाहीत, आणि हे छोटे स्तनातून आलेत, म्हणून औषध मेंदूच्या गाठीचं नाही, स्तनाच्या कॅन्सरचं द्यायचं. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, “आईला मी सांगतो. बाबांना नाही सांगता येणार.”

काकूंना सांगितलं तेव्हा त्या म्हणे पहिल्यांदा मुलावरच रागावल्या, की सुट्टी किती घालवशील. ऑपरेशनच्या जागेवर मोजकं रेडिएशन झालं. मग हार्मोन रोखणारं इंजेक्शन आणि पॅल्बोसिक्लिब या स्तनाच्या कॅन्सरवरच्या गोळ्या. या गोळ्या काही वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यात नव्हत्या. भारतात २०२३ मध्ये पेटंट संपलं आणि जेनेरिक आल्या, म्हणून काकूंना सुरू करता आल्या. हाताची ताकद बऱ्यापैकी परत आली आहे. पिन लावता येते.

त्यांना मी भेटले ती नंतर. ब्लॉक परत न्यायला मुलासोबत त्या स्वतः आल्या, डोक्याला सुती स्कार्फ, हातात वही. वहीत प्रत्येक स्कॅनची तारीख आणि दोन्ही गाठींची मापं ओळीने लिहिलेली, अगदी पहिल्या एमआरआयपासून. रेडिओलॉजिस्टलाही इतकं सरळ एका जागी मिळालं नसतं. मला म्हणाल्या, “मोठीचं कळलं. ही जी लहान राहिली आहे, फॉल्क्सजवळची, तिच्यात काही नसेल कशावरून?”

मी म्हटलं, काकू, कापून पाहिल्याशिवाय नक्की नाही सांगता येत. आणि सहा मिलिमीटरसाठी, ती वाढत नसताना, डोकं उघडायचं नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलंय. या औषधांनी तिच्यात काही असलंच तर त्यालाही आळा बसेल.

“मग मापाला महत्त्व,” त्या म्हणाल्या. “पण मागे एकदा त्यांनी साडेपाच लिहिलं होतं आणि एकदा सहा. ते वेगवेगळ्या मशीनवर काढले होते म्हणून की गाठ खरंच हलली?”

मशीन वेगळी, स्लाइसची जाडी वेगळी, मोजणारा माणूसही वेगळा, मी म्हटलं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक चुकीत जातो. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मुलाला सांगितलं की यापुढे स्कॅन एकाच ठिकाणी काढायचे. तीन महिन्यांनंतरचा त्याच मशीनवर झाला, सहा मिलिमीटर. पुढचा दिवाळीनंतर आहे.